लाल चिखल, ड्रॉस आणि सळई : कारखान्यांच्या कचऱ्यानं पोलाद कसं शुद्ध होतं

घर बांधायला काढलं की आपण सिमेंटची चौकशी चार ठिकाणी करतो आणि सळई मात्र कंत्राटदाराच्या भरवशावर सोडतो. पुढच्या वेळी साइटवर जाल तेव्हा सळईच्या अंगावर उमटवलेली अक्षरं वाचा. ‘एफई ५००’ असेल किंवा ‘एफई ५००डी’. ५०० हा आकडा सळई किती ताण सोसेल ते सांगतो. ‘डी’ सांगतो की तुटण्याआधी ती जास्त लांबेल. २६ जानेवारी २००१ चा भूकंप ज्यांनी गुजरातेत अनुभवला त्यांना या ‘डी’ची किंमत वेगळी सांगायला नको. हादऱ्यात वाकणारी सळई माणसांना बाहेर पडायला वेळ देते, तडकणारी देत नाही.

हे लवचीकपण बऱ्याच अंशी पोलादात काय नाही यावर अवलंबून असतं. आयएस १७८६ या मानकानुसार साध्या ५०० ग्रेडमध्ये गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतात. ‘डी’ ग्रेडला मर्यादा ०.०४० टक्के. कागदावर हा फरक नगण्य दिसतो, पण भट्टीवर तो काढायचा म्हटलं की घाम फुटतो. त्यासाठी लागणारा माल आजवर मुख्यतः खाणीतून येत आलाय. प्रत्यक्षात त्यातला बराचसा दुसऱ्या कारखान्यांच्या मागच्या आवारात कचरा म्हणून पडून आहे. तो उचलावा का, कोणता उचलावा आणि भट्टीत कधी टाकावा, हे या लेखात समजून घेऊ. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कचऱ्यात उपयोगाचं काय आहे हे सगळेच बघतात, पण निकाल लागतो तो त्याच्यासोबत आणखी काय येतं यावर.

गंधक आणि फॉस्फरस दोघंही पोलाद ठिसूळ करतात, पण वेगवेगळ्या वेळी. लोखंड आणि लोहगंधक यांचं मिश्रण सुमारे ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. त्यामुळे पोलादाचा लालभडक तापलेला ठोकळा, म्हणजे इंगट, रोलमध्ये जातो तेव्हा आतल्या स्फटिकांच्या सीमांवर पातळ द्रवाचा थर असतो आणि दाब पडताच चिरा जातात. मँगनीज घालून हा धोका कमी करतात, पण गंधक मुळातच कमी असलेलं बरं. फॉस्फरस उलट वागतो. गरम असताना तो काही बोलत नाही, पोलाद थंड झालं की ते काचेसारखं तडकण्याकडे झुकतं. तोच फॉस्फरस दुसरीकडे उपकारकही ठरतो. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ दीड हजारांहून जास्त वर्षं गंजून न जाता उभा आहे. त्यात फॉस्फरस भरपूर असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी सविस्तर मांडलं आहे. स्तंभाचं काम वेगळं आणि बीममधल्या सळईचं वेगळं, एवढंच.

चुना वितळत का नाही

कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलं असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. काहिलीत उसाचा रस उकळताना त्यात भेंडीचं पाणी आणि चुन्याची निवळी घालतात. रसातली घाण त्यांना धरून वर येते आणि ती मळी काढून टाकतात. पोलादाच्या भट्टीत चुना घालतात तोही याच कामाला. वितळलेल्या पोलादावर ऑक्साइडांचा एक हलका थर तरंगत असतो, तो स्लॅग. पोलादातली घाण या थरात ओढून घ्यायची आणि थर काढून टाकायचा. फरक एवढाच की रसातले गढूळ कण मुळातच वेगळे असतात, पोलादातला फॉस्फरस मात्र पूर्ण विरघळलेला असतो. त्याला बाहेर काढायला रासायनिक क्रियाच घडवावी लागते.

फॉस्फरसला आधी ऑक्सिजन मिळावा लागतो. मग त्याचं ऑक्साइड बनतं आणि चुना त्याला धरून ठेवतो. हे काम तापमान तुलनेनं कमी असताना चांगलं होतं. गंधकाचं नेमकं उलट. गंधक चुन्यातल्या कॅल्शियमला जाऊन मिळतं तेव्हा ऑक्सिजन मोकळा होतो. तो मोकळा ऑक्सिजन लगेच कोणी उचलला नाही तर क्रिया तिथेच अडते. म्हणून गंधक काढताना ॲल्युमिनियमसारखा ऑक्सिजनचा भुकेला पदार्थ लागतो आणि तापमान चढं लागतं. एकाच लॅडलमध्ये, म्हणजे भट्टीतून वितळलेलं पोलाद ज्यात ओततात त्या मोठ्या पात्रात, दोन्ही कामं करायची असतील तर आधी फॉस्फरस, मग ती स्लॅग काढून टाकायची आणि नंतर गंधक. स्लॅग न काढता कोणी घाईनं ॲल्युमिनियम किंवा फेरोसिलिकॉन टाकलं, तर ते स्लॅगमधल्या फॉस्फरसच्या ऑक्साइडमधूनच ऑक्सिजन हिसकावतं आणि सुटा झालेला फॉस्फरस परत पोलादात उतरतो. तासभराची मेहनत अशी मिनिटांत जाते.

या दोन्ही कामांत चुना लागतो आणि चुन्याची अडचण अशी की तो वितळत नाही. शुद्ध चुन्याचा वितळणबिंदू २,६०० अंशांच्या आसपास आहे, लॅडलमधलं पोलाद सुमारे १,६०० अंशांवर असतं. नुसता चुना टाकला तर त्याचे पांढरे गोळे पोलादावर तरंगत बसतात आणि क्रिया होते ती फक्त त्यांच्या कातडीवर. चुन्याला स्लॅगमध्ये विरघळवणारा सोबती लागतो, त्याला आपण फ्लक्स म्हणू.

आपल्याकडे पूर्वापार हा सोबती म्हणजे फ्लोरस्पार, कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज, भट्टीवरच्या बोलीत नुसता ‘स्पार’. बडोदेकरांना हे खनिज लांबचं नाही. छोटा उदेपूर जिल्हा २०१३ मध्ये वेगळा होईपर्यंत बडोदा जिल्ह्यातच होता आणि त्यातल्या आंबाडुंगर-काडीपाणी भागात देशातला महत्त्वाचा फ्लोरस्पारचा साठा आहे. गुजरात खनिज विकास निगमाचा प्रकल्प काडीपाणीलाच उभा राहिला. तरी देशाची गरज भागत नाही, बहुतेक फ्लोरस्पार आयात होतो. शिवाय स्पारचे तोटे आहेत. तो चुना पातळ करतो तसाच लॅडलचं अस्तरही खातो, गरम स्लॅगमधून फ्लोराइडचे घातक वायू सोडतो आणि थंड झालेल्या स्लॅगमधून फ्लोराइड पावसाच्या पाण्यात झिरपू शकतं. गुजरातेत अनेक ठिकाणी भूजलातल्या फ्लोराइडनं लोकांच्या दातांचं आणि हाडांचं नुकसान केलंय. तिथे ही बाब बारीक म्हणून सोडता येत नाही.

मग स्पारऐवजी काय? इथे रसायनशास्त्रात एक फार सुंदर गोष्ट आहे. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, एकटं असेल तर २,००० अंशांच्या वर वितळतं. चुना तर त्याहूनही वर. पण दोन्ही साधारण निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण १,४०० अंशांच्या आसपासच पाणी होतं. दोन हट्टी पदार्थ एकत्र आले की एकमेकांचा हट्ट मोडतात. ॲल्युमिना देणारा कोणताही स्वस्त पदार्थ म्हणूनच चुन्याचा सोबती व्हायला उमेदवार ठरतो आणि कचऱ्याची गोष्ट इथून सुरू होते.

आपल्याकडच्या भट्ट्यांची अडचण

भारतातलं सुमारे एक तृतीयांश पोलाद विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत तयार होतं आणि गुजरातेत अशा भट्ट्या भरपूर आहेत. त्यांत भंगार आणि स्पॉन्ज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड, वितळवतात. स्पॉन्ज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, पण आपल्या लोहखनिजात फॉस्फरस बऱ्यापैकी असतो आणि तो जसाच्या तसा स्पॉन्जमध्ये येतो. इंडक्शन भट्टीला आतून अस्तर असतं ते सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे क्वार्ट्झच्या भुकटीचं. सिलिका आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी. अशा भट्टीत भरपूर चुना टाकला तर तो फॉस्फरस पकडायच्या आधी भट्टीची भिंतच खायला घेतो. त्यामुळे इंडक्शन भट्टी मुळात वितळवण्याचं यंत्र आहे, शुद्ध करण्याचं नाही. जे शुद्धीकरण करायचं ते लॅडलमध्ये, मॅग्नेसाइटसारख्या अल्कधर्मी अस्तराच्या लॅडल फर्नेसमध्ये करावं लागतं.

किती काढायचं याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब करू. १० टनांची लॅडल आहे आणि पोलादात फॉस्फरस ०.०७ टक्के आहे. म्हणजे ७ किलो. तो ०.०४ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे ३ किलो बाहेर. ३ किलो फॉस्फरसचं ऑक्साइड होतं साधारण ७ किलो. समजा आपली स्लॅग स्वतःच्या वजनाच्या ३ टक्के फॉस्फरस ऑक्साइड धरू शकते, तर सुमारे २३० किलो स्लॅग लागेल. तीही पातळ, चांगली वितळलेली आणि ऑक्सिजन देऊ शकणारी. हा सगळा माल विकत आणायचा तर छोट्या भट्टीचं गणित कोलमडतं. म्हणून बरेच जण फॉस्फरस काढतच नाहीत, कमी फॉस्फरसचं भंगार मिसळून आकडा खाली आणतात. भंगार महागलं की तोही मार्ग बंद.

लाल चिखल

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याची रीत कार्ल जोसेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनज्ञानं १८८०च्या दशकात शोधली आणि आजही तीच चालते. बॉक्साइट कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात टाकलं की ॲल्युमिना विरघळतो आणि उरलेला लाल गाळ वेगळा होतो. तो रेड मड. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. भारतात वर्षाला अंदाजे ९० लाख टन तयार होतो आणि त्यातला फार थोडा वापरला जातो. बाकीचा तळ्यांत आणि ढिगाऱ्यांत साठतो. ४ ऑक्टोबर २०१० ला हंगेरीत आयका इथे अशाच एका तळ्याचा बांध फुटला, लाल कॉस्टिक चिखल गावांत शिरला आणि दहा माणसं गेली.

आता या चिखलात काय असतं ते पोलादवाल्याच्या नजरेनं पाहा. सर्वांत जास्त लोखंडाचं ऑक्साइड, बहुतेक वेळा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. फॉस्फरसला हवा असलेला ऑक्सिजन तिथे तयार आहे. पुढे ॲल्युमिना, म्हणजे चुन्याचा सोबती. त्याखाली काही टक्के सोडा, जो चुन्याहूनही तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे फॉस्फरसला घट्ट धरतो. एका कचऱ्यात तीन कामं करणारे तीन पदार्थ आधीच एकजीव मिसळलेले आहेत, आणि कणही अतिशय बारीक, त्यामुळे चुन्यासोबत पटकन वितळतात. फॉस्फरस काढण्यासाठी रेड मड आणि चुन्याचं मिश्रण वापरण्याचे प्रयोग म्हणूनच अनेक देशांत झाले आहेत.

पण सोबत आणखी काय येतं? सिलिका येते आणि प्रत्येक किलो सिलिका दोन किलोंच्या आसपास चुना अडवून ठेवते. टायटॅनियम येतं, आपल्या बॉक्साइटमध्ये तर ते जास्तच असतं. सोडा जसा उपकारक तसा त्रासदायकही आहे. १,६०० अंशांवर त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो, पांढरा धूर होतो आणि लॅडलचं अस्तर झिजतं. जपानमध्ये १९८०च्या दशकात वितळलेल्या लोखंडातून गंधक-फॉस्फरस काढायला सोडा ॲश वापरत. धातू फार स्वच्छ निघे, पण धुराचा बंदोबस्त आणि अस्तराची झीज या दोन गोष्टींनी ती रीत आवरती घ्यावी लागली. रेड मडमध्ये सोड्याचं प्रमाण कमी असल्यामुळे त्रास तेवढा नाही, तरी धूर ओढून घेणारी यंत्रणा हवीच.

आणि पाणी. हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण यात जीव जातो. रेड मड तळ्यातून येतो, दिसायला कोरडा असला तरी आत ओल असते. वितळलेल्या पोलादाखाली ओला गोळा गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पोलाद उडवते. जे पाणी स्फोट न करता फुटतं ते पोलादात हायड्रोजन सोडतं आणि तो पुढे चिरा पाडतो. त्यामुळे चिखल नीट भाजून, चुन्यासोबत विटुळ्या (छोट्या विटांसारख्या वड्या) पाडून, पुन्हा वाळवूनच वापरावा लागतो. या वाळवण्या-भाजण्याचा खर्च धरला नाही तर ‘फुकटचा माल’ हा हिशोबच खोटा ठरतो.

ड्रॉस, म्हणजे चिखलाचा उलटा भाऊ

बडोद्याच्या आसपास ॲल्युमिनियम वितळवून ओतणारे कारखाने बरेच. ॲल्युमिनियम वितळलं की हवेच्या संपर्कात त्याच्यावर राखाडी साय धरते, ती खरवडून काढतात. तोच ड्रॉस. त्यात ॲल्युमिनियम धातूचे थेंब अडकलेले असतात. ते काढून घेतल्यावरही थोडा धातू उरतो, बाकी मुख्यतः ॲल्युमिना.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतले, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतले, एक ओळखीचे भट्टीवाले एकदा मला म्हणाले, “सर, शेजारचा ड्रॉस फुकट न्या म्हणतोय. टाकू का लॅडलमध्ये?” मी विचारलं, “गंधक काढायच्या वेळी की फॉस्फरस?” ते म्हणाले, “दोन्हीला. एकदाच टाकतो.” इथेच गफलत होते. ड्रॉसमधला ॲल्युमिनियम धातू ऑक्सिजन खातो. गंधक काढताना ते हवंच आहे. ॲल्युमिनियम ऑक्सिजन उचलतं, त्याचा ॲल्युमिना होतो, तो चुना वितळवतो आणि वितळलेला चुना गंधक धरतो. एका पदार्थानं दोन विकतचे पदार्थ वाचतात, ॲल्युमिनियमही आणि स्पारही. पण फॉस्फरस काढायच्या टप्प्यात हाच ड्रॉस टाकला तर तो फॉस्फरसच्या वाट्याचा ऑक्सिजन खाऊन बसतो. रेड मडचं बरोबर उलट आहे. फॉस्फरसच्या टप्प्यात तो सोनं, पण गंधकाच्या टप्प्यात त्यातलं लोखंडाचं ऑक्साइड महागडं ॲल्युमिनियम जाळून टाकतं. एकच माल अर्ध्या तासापूर्वी औषध असतो आणि अर्ध्या तासानंतर विष. कचऱ्याच्या पोत्यावर ‘स्टीलसाठी उपयुक्त’ एवढंच लिहून कोणी विकत असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणत्या टप्प्यासाठी?

ड्रॉससोबत येणाऱ्या पाहुण्यांत नायट्रोजन आहे. हवेतल्या नायट्रोजनशी ॲल्युमिनियमची क्रिया होऊन ॲल्युमिनियम नायट्राइड बनलेलं असतं. त्यातला नायट्रोजन पोलादात गेला तर तोही ठिसूळपणा आणतो. पावसात भिजलेल्या ड्रॉसच्या ढिगाजवळून गेलात तर अमोनियाचा उग्र वास येतो, तो याच नायट्राइडचा. ओल्या ड्रॉसमधून हायड्रोजन आणि मिथेनही निघू शकतात, त्यामुळे बंद खोलीत साठवलेला ड्रॉस पेटू शकतो. काळ्या ड्रॉसमध्ये मीठ असतं, कारण जुनं ॲल्युमिनियम वितळवताना वरून मिठाचं आवरण घालतात. लॅडलमध्ये त्या मिठाचा धूर होतो. पांढरा ड्रॉस, मीठ नसलेला, कोरडा, चाळलेला आणि चुन्यात मिसळलेला, एवढ्या अटी पाळल्या तर मात्र तो माझ्या मते सगळ्या कचऱ्यांत लॅडलसाठी सर्वांत चांगला.

बाकीचे उमेदवार

रोलिंग मिलमध्ये गरम पोलादावरून खपल्या पडतात त्या मिल स्केल. वजनानं जवळजवळ सत्तर टक्के लोखंड, बाकी ऑक्सिजन. फॉस्फरससाठी ऑक्सिजन द्यायला उत्तम आणि घरचाच माल. सोबत फक्त रोलचं तेल-ग्रीस येतं, ते जाळून टाकावं लागतं.

फ्लोरिनची रसायनं बनवणारे कारखाने सांडपाण्यात चुना घालून फ्लोराइड खाली बसवतात. तो गाळ म्हणजे पुन्हा कॅल्शियम फ्लोराइड, रासायनिकदृष्ट्या खाणीतल्या स्पारसारखाच. खाण वाचते, आयात वाचते. फ्लोराइडचे तोटे मात्र कायम राहतात, म्हणून जिथे स्पार टाळताच येत नाही तिथेच तो वापरावा. ॲल्युमिनियमच्या स्मेल्टरमधली जुनी अस्तरं, ज्यांना स्पेंट पॉट लायनिंग म्हणतात, त्यांतही फ्लोराइड आणि ॲल्युमिना दोन्ही असतात. पण त्यांत सायनाइडही असतं. आधी ते नष्ट करणं हे प्रशिक्षित माणसांचं आणि परवानाधारक कारखान्याचं काम आहे, भट्टीवाल्यानं परस्पर हात घालायचा विषय नाही.

ॲसिटिलीन वायू बनवताना कार्बाइडमधून उरतो तो विरलेला चुना. भाजला की कामाचा चुना होतो, फक्त त्यातलं गंधक मोजून घ्यावं.

आणि एक उमेदवार जो लांबून फार आकर्षक दिसतो. फॉस्फोरिक आम्ल बनवणाऱ्या खत कारखान्यांत फॉस्फोजिप्समचे डोंगर उभे राहतात, दर टन फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे सुमारे पाच टन. बडोद्याच्या वेशीवरचं फर्टिलायझरनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना खताचा उद्योग किती अवाढव्य असतो ते माहीत आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम, मग चुन्याऐवजी का नको, असं मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारलंय. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यात गंधक आहे आणि फॉस्फोजिप्सममध्ये वर उरलेला फॉस्फरस. जे दोन शत्रू काढायला आपण निघालो तेच पोत्यात भरून लॅडलमध्ये ओतायचे! त्याची जागा सिमेंटमध्ये आणि शेतजमिनीत आहे, पोलादात अजिबात नाही.

सर्वांत दुर्लक्षित कचरा पोलादाचा स्वतःचाच आहे. गंधक काढून झाल्यावरची लॅडल स्लॅग निम्म्याहून जास्त चुन्याची असते आणि एकदा वितळलेली असल्यामुळे पुढच्या हीटमध्ये (पोलादाच्या पुढच्या घाण्यात) ताज्या चुन्यापेक्षा लवकर विरघळते. वितळलेली असतानाच ती पुढच्या लॅडलमध्ये वळती केली तर उष्णताही वाचते. गंधक मात्र फेरीगणिक साठत जातं, म्हणून काही हीटनंतर ती बदलावीच लागते. थंड होऊ दिली तर दुसरी पंचाईत: तिच्यातलं डायकॅल्शियम सिलिकेट, म्हणजे चुना आणि सिलिका यांचं संयुग, थंड होताना स्फटिकाचं रूप बदलतं, आकारमान दहा टक्क्यांहून वाढतं आणि अख्खा दगड आपोआप फुटून पिठासारखा होतो. ते पीठ वाऱ्यावर उडतं.

भुकटीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. रॅमिंग मासला लागते तशी क्वार्ट्झची भुकटी गोध्र्याकडच्या कारखान्यांत दळली जायची. अलीराजपूर-झाबुआकडून तिथे कामाला आलेले आदिवासी मजूर सिलिकोसिसनं, म्हणजे या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसांच्या रोगानं, तरुण वयात गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. कचऱ्याचा पुनर्वापर म्हणजे बहुतेक वेळा भुकटीच हाताळणं असतं. चाळणं, मिसळणं, विटुळ्या पाडणं हे सगळं कोणाच्या तरी नाकासमोर घडतं. बंद मिक्सर, पाण्याचा फवारा जिथे चालतो तिथे फवारा, जिथे चालत नाही तिथे धूळ ओढणारी यंत्रणा, ही रक्कम पहिल्या दिवशीच्या खर्चात धरलेली नसेल तर तो प्रकल्प मला मान्य नाही.

वापरणं कुठे संपतं, टाकणं कुठे सुरू होतं

बडोद्याच्या गोरवा भागातला क्रोमियमच्या कचऱ्याचा ढीग २००४च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीपर्यंत पोचला होता. अशा आठवणी असलेल्या शहरात ‘कचऱ्याचा वापर’ म्हटलं की लोक संशयानं बघतात आणि त्यांचा संशय रास्त आहे. धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यातला नियम ९ याच शंकेसाठी आहे. एका कारखान्याचा धोकादायक कचरा दुसऱ्याला कच्चा माल म्हणून वापरायचा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे राज्य मंडळाची परवानगी लागते. ड्रॉस आणि पॉट लायनिंग त्यात येतात. शेजाऱ्याकडून टेम्पो भरून आणणं बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आवाक्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १४.४ कोटी टन पोलाद झालं. उद्या प्रत्येक टनामागे ५ किलो रेड मड वापरला, तरी वर्षाला ७ लाख टनांच्या आसपासच खपेल. तयार होतो ९० लाख टन. लाल चिखलाचे डोंगर पोलादाच्या लॅडलमध्ये रिकामे होणार नाहीत, त्यासाठी सिमेंट, विटा, रस्ते हवेत. पोलादाच्या बाजूनं मात्र फायदा खरा आहे, कारण स्पारची आणि ॲल्युमिनियमची बचत टनाटनाला दिसते.

शुद्ध करून झाल्यावरच्या स्लॅगचं काय होतं हाही याच हिशोबाचा भाग. १८७०च्या दशकाअखेरीस लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणारा सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा रसायनज्ञ चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी भट्टीला डोलोमाइटचं अल्कधर्मी अस्तर देऊन फॉस्फरस काढून दाखवला. युरोपातलं फॉस्फरसयुक्त खनिज त्यामुळे एकदम कामाचं झालं. थॉमस चौतिसाव्या वर्षी गेला, पण त्याची फॉस्फरसनं भरलेली स्लॅग दळून पुढे अनेक दशकं युरोपच्या शेतांत खत म्हणून विकली गेली. आपल्या लॅडलच्या स्लॅगमध्ये फॉस्फरस इतका नसतो, त्यामुळे ती खत होणार नाही. रस्ता मात्र होऊ शकते. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली पोलादाच्या स्लॅगचा रस्ता बांधला गेला. अट एवढीच की स्लॅगमधला मोकळा चुना आधी पाणी देऊन शांत केलेला असावा, नाहीतर तो नंतर फुगून रस्ता उचलतो. फ्लोराइड आणि सोडा कमी असलेली स्लॅग इथे सहज पास होते. लॅडलमध्ये स्पार टाळल्याचा फायदा असा दुसऱ्यांदा मिळतो.

मकरपुरा, मंजुसर, वाघोडिया, हालोल या पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या भट्टीनं सुरुवात करायची तर माझा सल्ला असा. बाहेरचा कचरा आणण्याआधी स्वतःची मिल स्केल आणि स्वतःची लॅडल स्लॅग वापरून बघा, कारण त्यांत नवीन पाहुणे नसतात. मग पांढरा ड्रॉस, परवानगी काढून, आणि फक्त गंधकाच्या टप्प्यात. प्रत्येक ट्रकचा नमुना घ्या, कारण कचऱ्याचं प्रमाण एका पाळीतून दुसऱ्या पाळीत बदलतं आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट या महिन्याच्या मालाला लागू होत नाही. रिपोर्टमध्ये ॲल्युमिना किती यावर समाधान मानू नका. ओल, गंधक, फॉस्फरस, नायट्रोजन, क्लोराइड आणि फ्लोराइड मागा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन सोपवलं ते इथल्या उद्योगाला रसायन शिकवायलाच. त्याच परंपरेतल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत आज धातुशास्त्राचा विभाग आहे. पहिल्या काही हीट कमी प्रमाणावर घ्या, लॅडलमध्ये माल टाकण्याआधी आणि नंतर स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना मारा, स्लॅगचाही नमुना जपून ठेवा. फॉस्फरस उतरला पण अस्तर दोन हीट लवकर गेलं, असं झालं तर सोडा किंवा फ्लोराइड जास्त आहे असं समजा आणि पुढच्या विटुळीत चुना वाढवून तो माल निम्म्यावर आणा.